७८०५ दुपारी बंद पडतो, रात्री चालतो

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, राग मानू नका. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), चार रिले (विजेवर चालणारे स्विच), दुपारी दोनला त्यांची टकटक आणि रात्री सगळं ठणठणीत... अहो हे माझंच आहे, अकोल्यातलं, टाकीच्या मोटरवरचं. पीस खराब नाहीये. आतून जास्त तापला की तो स्वतःच बंद होतो, निवला की परत चालू.

७८०५ ची उष्णता बाहेर टाकायला पत्रा (हीटसिंक) केवढा लागेल ते सांगतो, पण आधी माझा मूर्खपणा. १२ एसी म्हणजे ब्रिज-कपॅसिटरनंतर लोडवर साधारण १५ डीसी, त्यातले १० व्होल्ट ७८०५ खातो, ०.६ अँपियरला झाले ६ वॅट. जंक्शन, म्हणजे पीसच्या आतली चिप, १२५ अंश धरलं, बाहेर २५, म्हणून १०० भागिले ६, वॅटमागे साडेसोळा अंश. त्यातून पीसच्या आतले ५ आणि पेस्टबिस्टचा १ गेला, पत्र्याला उरले साडेदहा. साध्या उभ्या पत्र्याला मी ५० भागिले चौरस सेंटिमीटरचं वर्गमूळ असा ठोकताळा लावतो, त्यावरून ५ बाय ५ चा तुकडा पुरतो असं निघालं. गणित बरोबर, पण ते २५ आलं कुठून? डेटाशीटमधून, कंपनीच्या माहितीपत्रकातून! मे महिना, गच्ची, बंद प्लास्टिकचा डबा, आत थर्मामीटर टाकला तर ५५. तेच परत केलं तर ९ बाय ९, म्हणजे तिप्पट पत्रा.

हे कळेपर्यंत एका दुकानदाराने मला तीनदा नवीन ७८०५ विकला, "लॉटच खराब आलाय" म्हणून, डबा उघडून बघायची तसदी नाही. तोवर टकटकीत मोटरचं वाइंडिंग गेलं, साडेतीन हजार. जाऊ दे.

माझं ऐकाल तर पत्रा वाढवण्याआधी ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा टाका, ६ वॅटचे साडेतीन होतात. फक्त तुमच्याकडे लाइनचं व्होल्टेज पडत असेल तर आधी मोजा, इनपुट ७ व्होल्टच्या खाली गेलं की ७८०५ ला जमत नाही. आणि पत्रा डब्याबाहेर, उभा. खिडक्या करणाऱ्याकडे अॅल्युमिनियम सेक्शनचे तुकडे किलोवर मिळतात, चकचकीत असेल तर पातळ काळा रंग मारा, पीस बसतो तिथे मात्र नको. ७८०५ चा टॅब ग्राउंडला असतो, मध्ये मायका (वीज अडवणारी पातळ चकती) नसला तरी चालतं. ३१७ या दुसऱ्या रेग्युलेटरला टॅबवर आउटपुट येतं, तिथे विसरू नका.

मी इंजिनिअर नाही, हे सगळे अंदाजाचे आकडे. उद्या दुपारी लोड लावून डब्याच्या आतलं तापमान मोजा आणि इथे टाका, मग बघू.