उत्तर : बग्ग्यांचा कारखाना १९१६ला खरंच बंद पडला का?

पोस्ट वाचली आणि हसू आलं, राग मानू नका. १९१२च्या मुंबई डिरेक्टरीत (शहरातल्या धंद्यांच्या आणि माणसांच्या नाव-पत्त्यांचं दरवर्षी निघणारं पुस्तक) पणजोबांचा गिरगावातला बग्ग्यांचा कारखाना आहे, १९१६च्या डिरेक्टरीत नाही, म्हणजे मोटारींनी धंदा बुडवला, असं तुम्ही लिहिलंय. हेच मी एका स्मरणिकेत छापून बसलोय.

मी फक्त 'कोच बिल्डर्स', म्हणजे बग्ग्या बांधणारे, या मथळ्याखालची नावं वर्षागणिक मोजली. आकडा घसरत गेला, मी खूश. पुढे भलत्याच कामासाठी आडनावांची यादी चाळताना माझा 'बुडालेला' कारखानदार त्याच पत्त्यावर सापडला, मोटारींच्या बॉड्या बांधत! तेव्हा धंदेवार यादीत नाव नसलं तर आडनाववार यादी बघा, रस्तावार असेल तर तीही. रस्ते जुन्या नावांनी शोधा. विठ्ठलभाई पटेल रोड तेव्हा गिरगाव बॅक रोड होता.

ही चूक वर्षभर लांबली ती एका ग्रंथालयामुळे. नाव घेत नाही. खंड हातात देणार नाहीत. 'पान नंबर लिहून द्या, झेरॉक्स मिळेल.' अहो, पुस्तक न बघता पान नंबर कुठून आणू? नाशिकहून तीन खेपा, त्यातल्या दोनदा साहेब रजेवर. शेवटी सुटी चार पानं मिळाली. मथळ्यांची अनुक्रमणिका मिळाली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. तुम्ही आधी तीच मागा, आणि जाहिरातींची पानं. यादीत एका ओळीत उरकलेला माणूस जाहिरातीत काय काय विकतो ते सांगतो.

सालाचंही तसंच. विजेची ट्राम ७ मे १९०७ला सुरू झाली. वर्षारंभी निघालेल्या १९०७च्या डिरेक्टरीत ती धावताना कशी दिसेल? उलट बंद पडलेली दुकानं पुढच्या आवृत्तीत तशीच राहून जातात. मी एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरतो.

थॅकरची डिरेक्टरी कलकत्त्याची, अख्ख्या हिंदुस्थानची. गल्लीबोळांसाठी मुंबईत छापलेलीच बरी, हे आपलं माझं मत. मी इतिहासकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस.

आणि डिरेक्टरी म्हणजे सगळी मुंबई असंही धरू नका. पेढ्या-कंपन्या आहेत, पण रस्त्यावरचे व्हिक्टोरियावाले (भाड्याच्या घोडागाड्यांवाले), बैलगाडीवाले त्यात शोधून सापडत नाहीत. भाड्याच्या गाड्यांचे परवाने पोलीस कमिशनरकडे असत, त्यांच्यासाठी तिकडचे अहवाल धुंडाळा. खालच्या प्रतिसादात कुणीतरी 'मुंबईत व्हिक्टोरिया कमीच होत्या' म्हणालंय, ते याच घोळातून.

तूर्त १९१६चा तोच खंड परत उघडा. 'कोच'चा 'सी' नको, 'मोटार'चं 'एम' अक्षर काढा.