चॉकलेटचा कुंदा का होतो

खानापूरच्या ताई, तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा निवला. धुतलेली स्ट्रॉबेरी वितळलेल्या चॉकलेटात बुडवली, चौथ्या-पाचव्या फळाला चॉकलेट घट्ट झालं, पातळ करायला चमचाभर दूध घातलं तर आणखीच रवाळ गोळा झाला. वर रविवारच्या वाढदिवसासाठी करून बघितलेल्या केकच्या थरांमधून पाणी सुटलं. आणि शेवटी तुमचा प्रश्न, चॉकलेटची कंपनी बदलू का?

नका बदलू. सात वर्षांपूर्वी मी हेच सगळं केलंय, जवळजवळ याच क्रमानं, आणि कंपनीही बदलली होती. पैसे गेले, गोळा व्हायचा तो झालाच.

आधीच सांगून ठेवते, मी कुठं रीतसर शिकलेली बेकर नाही. बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर, एक ओटीजी, म्हणजे छोटा घरगुती ओव्हन, एक फ्रिज, त्यातही अर्ध्या फ्रिजवर सासूबाईंचा हक्क. मापं सांगते ती माझ्या भांड्यांची, तुमच्याकडं थोडं इकडंतिकडं होईल. ओव्हन आधी तापवा, मैदा चाळून घ्या वगैरे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

माझा पहिला गोळा झाला तेव्हा सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. चॉकलेट आत्ता चमच्यावरून रिबिनीसारखं पडत होतं, चकाकत होतं, आणि दोन स्ट्रॉबेऱ्या बुडवेपर्यंत चकाकी गेली, चमच्याला ओढ लागली, मग सगळं एकत्र येऊन भांड्याच्या मधोमध बसलं. कडेनं थोडं तूपही सुटलेलं. सासूबाईंनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, "काय करूलालैस गं, कुंदा?" कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची तपकिरी, रवाळ मिठाई. खरंच, रंग तोच, रवा तोच. बेळगावात राहून पाचशे रुपयांच्या चॉकलेटचा कुंदा करणारी मीच.

कारण साधं आहे. चॉकलेट म्हणजे कोको आणि साखरेची अगदी बारीक पूड, कोको बटरमध्ये कालवलेली. त्यात पाणी जवळजवळ नसतंच. तिथं अर्धा चमचा पाणी पडलं की साखरेचे कण ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. फळाच्या अंगावरचं पाणी, देठाशी साचलेला थेंब, खालच्या भांड्यातली वाफ, नुकतंच धुतलेलं लाकडी उलथणं, एवढं पुरतं. मग तुम्ही म्हणाल, गनाशमध्ये, म्हणजे केकला लावायच्या चॉकलेट-क्रीमच्या लेपात, तर आपण सरळ क्रीम ओततो, त्याचं कसं जमतं? अमूल फ्रेश क्रीममध्ये फॅट 25 टक्के, म्हणजे बाकी बहुतेक पाणीच की. तिथं पाणी भरपूर असतं म्हणून साखर चिकटत न बसता विरघळून जाते. अडचण थोड्या पाण्याची असते. 100 ग्रॅम डार्क चॉकलेटला निदान दोन मोठे चमचे गरम पातळ पदार्थ हवा, नाहीतर एक थेंबही नको. तुम्ही घातलेलं चमचाभर दूध नेमकं या दोन्हीच्या मध्ये पडलं, तेही थंड.

आता कंपनीचं. मी तेव्हा गावातल्याच एका क्लासला जात होते, नाव घेत नाही. दोन दिवस, फी भरपूर, शेवटी प्रमाणपत्र. तिथं गोळा झाल्याचं सांगितलं तर बाईंनी विचारलं, चॉकलेट कुठून घेतलं? मी दुकानाचं नाव सांगितलं. "तिथलं खराबच येतं, माझ्याकडून घ्या." मी पाच स्लॅब घेतले, बाहेरच्यापेक्षा महाग, आणि घरातले चांगले दोन स्लॅब मोलकरणीच्या पोरांना वाटून टाकले. नव्याचाही कुंदा झाला. पुढं केव्हातरी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, तिनं दिलेलं ते कम्पाउंड होतं. यादीत कोको बटर नाहीच, त्याच्या जागी वनस्पती फॅट. कम्पाउंडला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडं मेच्या दुपारी पारा 35 च्या वर जातो, आणि कोको बटर 34 च्या आसपास वितळतं, तेव्हा फळं बुडवायला कम्पाउंडच सोयीचं. टेम्परिंगची, म्हणजे चकाकीसाठी चॉकलेट मोजून तापवा-निववायची, कटकट नाही. पण दोन दिवस शिकवून, पैसे घेऊन, हातात काय दिलंय तेवढं तरी सांगायचं! पाण्याचा तर त्या क्लासच्या वहीत एक शब्द नव्हता. ती वही मी अजून ठेवलीय, आयसिंगच्या पानांवर मागून दुधाचा हिशोब लिहिते.

असो. गोळा ही लहान चूक, तिनं दोन-चार स्लॅब खाल्ले. मला महागात पडली ती दुसरी, आणि तुमच्या केकमधून सुटलेलं पाणी वाचून मला तीच आठवली.

निपाणीला एक बारसं होतं. तीन किलोचा चॉकलेट-आंबा केक, माझी तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. मे महिना, हापूस ऐन भरात. आदल्या रात्री नऊला फोडी केल्या. एक आंबा जरा आंबट निघाला, आणि डार्क चॉकलेटच्या स्पंजबरोबर आंबट लागेल म्हणून सगळ्या फोडींवर अर्धी वाटी पिठीसाखर भुरभुरली. लगेच क्रीममध्ये घालून तिन्ही थर रचले, बाहेरून गनाश, फ्रिजमध्ये. सकाळी केक असा ताठ उभा, की मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

दहाला निघालो. हे गाडी चालवत होते, केक माझ्या मांडीवर. काकतीपर्यंत सगळं ठीक. वंटमुरी घाटात पहिल्या वळणाला केकच्या पुठ्ठ्याखाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांना गार लागलं. वाटलं, बर्फाच्या पाकिटाचं पाणी असेल. बोट चाटून बघितलं, तर गोड. तिथून पुढं मी खोक्याच्या खिडकीतून डोळा काढला नाही. फ्रिजच्या गारव्यानं जे क्रीम घट्ट धरून होतं ते सैल पडत होतं, आणि रात्रभर फोडींनी सोडलेला रस खालच्या स्पंजमध्ये उतरला होता. वरचा थर आधी सुपारीएवढा सरकला. हत्तरगीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग, ऊन, आणि थर दोन बोटं पुढं. मी खोकं उघडून सुरीनं मागं ढकलायला गेले, तर बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर सुरीला चिकटून आलं.

निपाणीत पोचलो तेव्हा केक नव्हता, ढीग होता. बाळाची आई काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. तिची आजेसासू मात्र खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "उन्हातनं आलाय बिचारा, दमला असंल. वाट्या आणा गं." चमच्यानं वाट्यांत घालून वाढला. लोकांनी दोनदा मागून खाल्ला, चवीला उत्तमच होता तो. मी आगाऊ घेतलेले सगळे पैसे परत केले, आंबे-चॉकलेट-पेट्रोल माझ्या पदरचं, आणि त्या घरातल्या पुढच्या दोन कार्यांचे केक कोल्हापूरहून आले, हे मला फोटोंवरून कळलं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, हे मला लहानपणापासून माहीत. दरवर्षी मी लोणचं घालते, खाराच्या पाण्यावर फोडी तरंगताना बघते. साखरही तेच करते, हे केक करताना डोक्यातच आलं नाही. हापूस म्हणजे पाचातले चार भाग पाणी. स्ट्रॉबेरीत तर 90 टक्क्यांच्या वर. साखर दिसली की ते बाहेर यायला बसलेलंच असतं. तुमच्या पोस्टमध्ये "स्ट्रॉबेरी साखरेत घोळवून ठेवली" असं एक वाक्य जाता जाता येतं बघा. तिथंच आहे सगळं.

तेव्हापासून मी थरांमध्ये कच्चं फळ घालत नाही. यावर माझ्याशी वाद घालणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. एका तासात खायचा केक असेल तर घाला खुशाल. प्रवास असेल, किंवा केक रात्रभर राहणार असेल, तर फळ शिजवूनच. अर्धा किलो स्ट्रॉबेरीला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, जाड बुडाच्या कढईत. आधी पाणी सुटेल, घाबरू नका, ते इथंच सुटलेलं बरं. उलथण्यानं तळाशी रेघ ओढली की ती दोन-तीन सेकंद उघडी राहिली पाहिजे. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला, एक उकळी, आणि पूर्ण गार. कोमट असताना क्रीमला लावाल तर क्रीम वितळेल आणि पुन्हा मला शिव्या द्याल.

मग थर लावताना दोन गोष्टी. स्पंजच्या वरच्या अंगाला वितळलेलं चॉकलेट ब्रशनं अगदी पातळ लावून सुकू द्या. फॅट आहे, पाणी खाली उतरू देत नाही. आणि कडेनं घट्ट गनाशचा बांध घाला, शेताला घालतो तसा, पायपिंग बॅगनं बोटभर उंच. फळ त्या बांधाच्या आत, आणि बांधापेक्षा जरा कमीच. बांधाच्या गनाशला 200 ग्रॅम डार्क चॉकलेटला 100 ग्रॅम क्रीम. चॉकलेट बारीक चिरून, क्रीम कडेनं बुडबुडे येईपर्यंत तापवून वर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. ताजी फळं फक्त वर सजावटीला, तीही पोचल्यावर. मी डबा वेगळा नेते आणि तिथं लावते. पाहुण्यांना वाटतं बाई काय कष्ट घेते.

बुडवायच्या स्ट्रॉबेरीचं असं, की किमान तासभर आधी धुवा आणि जुन्या सुती साडीवर पसरा. टिश्यूपेक्षा साडी बरी, देठाच्या पानांखालचं पाणीही ओढून घेते. देठ काढायचा नाही, काढला की तिथून रस गळतो. फ्रिजमधून काढून लगेच बुडवू नका, अंगावर दंव धरतं. पावसाळ्यात तर मी या कामाला हातच लावत नाही, जुलैमध्ये आमच्या भिंतींनाच घाम फुटलेला असतो. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या चॉकलेटवर पांढरट खरबरीत थर दिसतो तोही याच दंवाचा, ओली झालेली साखर पुन्हा वर येऊन सुकते. बुरशी नव्हे, खाता येतं. पांढरेपणा गुळगुळीत असून बोट फिरवल्यावर जात असेल तर तो वर आलेला कोको बटर, तेही चालतं.

खरं चॉकलेट वापरून वर चकाकी हवीच असेल तर थर्मामीटर घ्या. डार्क 45 अंशांपर्यंत वितळवा, 28 च्या आसपास उतरवा, परत 31-32 ला आणा आणि बुडवा. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला टेकवून बघतात, किंचित गार लागलं की झालं. मला हे ओठाचं फारसं जमत नाही, मी चाटूनच टाकते.

अननस विचारला नाहीत तरी सांगते, कारण आपल्याकडं पायनॅपल केकचा सोस फार. कच्चा अननस क्रीममध्ये घातला की काही तासांत क्रीम कडू लागतं, आणि जिलेटिन घातलेलं मूस तर सेटच होत नाही. त्यातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं. डब्यातला चालतो, तो तापवलेला असतो. घरचा असेल तर साखरेत चांगला उकळून घ्या. किंवा जिलेटिनऐवजी चायना ग्रास (अगर-अगर) वापरा, त्याला अननस काही करत नाही.

आणि तुम्ही खानापूरला राहून दरवेळी स्ट्रॉबेरीच्या मागं का लागता, हे मला कळत नाही. वरची लाल, खालची मऊ, ती पेटी महाबळेश्वराहून किती हात फिरून येते. मेमध्ये तुमच्याकडच्या बायका द्रोणातून करवंदं आणतात, जूनमध्ये जांभळं. करवंदं उकळून, बिया काढून, साखरेत आटवा. डार्क चॉकलेटच्या थरात असला आंबट-तुरट खमंगपणा कुठल्या परदेशी बेरीला यायचा नाही. चीक मात्र भांड्याला बसतो, आधी तेलाचं बोट फिरवा. जांभळाचा डाग पांढऱ्या क्रीमला लागला की गेला केक, तेवढं सांभाळा.

विकायला सुरुवात करणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून ठेवा, घरून विकत असलात तरी लागते.

रविवारसाठी शनिवारी सकाळी फळ आटवा, दुपारी बांध घालून थर लावा, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी खोक्याखाली पांढरा कागद घालून तासभर बाहेर ठेवून बघा. कागद कोरडा असेल तरच गाडीत घाला.

आणि तो गोळा फेकून दिला नसेल तर आज संध्याकाळीच मंद आचेवर ठेवा, कडकडीत दूध एकेक चमचा घालत ढवळत राहा. तिसऱ्या-चौथ्या चमच्यापर्यंत आणखी बिघडतोय असंच वाटेल, थांबू नका. पाचव्या-सहाव्याला एकदम सैल होऊन चकाकायला लागतो. बुडवायला आता तो चालायचा नाही, पण काळे ठिपके पडलेली जवारी (गावठी) केळी चिरून त्यावर ओता. सासूबाई त्याला अजून कुंदाच म्हणतात, आणि दुसऱ्यांदा मागतात.