समोर बसून मला माझी बाजू मांडता येईल का?

“कोर्टात निदान न्यायाधीश तरी असतात. इथे सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचे, म्हणजे मी नेहमीप्रमाणे गप्प बसणार आणि तो म्हणेल तेच होणार.” सहयोगी पद्धतीने, म्हणजे ‘कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स’च्या मार्गाने वेगळे व्हावे का, या विचारात असलेल्या एका पत्नीने पहिल्या स्वतंत्र भेटीत मला हे सांगितले. ही भीती मी अनेकांकडून ऐकते, आणि ज्यांनी घरातील पैशांचे व्यवहार कधी हाताळलेले नसतात त्यांच्याकडून तर हमखास ऐकते. म्हणून, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, त्या दांपत्याचा अनुभव येथे मांडत आहे.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्टुअर्ट वेब या वकिलांनी 1990 मध्ये केली. घटस्फोटाचे खटले लढवून पक्षकारांची कुटुंबे अधिकच उद्ध्वस्त होताना पाहिल्यावर त्यांनी ठरवले, की आपण केवळ तडजोडीपुरतेच वकीलपत्र घ्यायचे आणि प्रकरण लढाईवर गेले तर बाजूला व्हायचे. आजही या पद्धतीचा कणा हाच आहे. पती आणि पत्नी दोघांचेही स्वतंत्र वकील असतात. सुरुवातीलाच सगळे एका करारावर सह्या करतात, आणि बोलणी फिसकटून कोणी कोर्टात गेले तर दोन्ही वकिलांना प्रकरण सोडावे लागते. मध्यस्थीत मध्यस्थ तटस्थ असतो, त्यामुळे तो कोणालाच ‘तुमच्या हिताचे हे आहे’ असे सांगू शकत नाही. येथे मात्र तसे सांगणारा माणूस तुमच्या शेजारीच बसलेला असतो. पुढे कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ पेगी थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात समुपदेशक, आर्थिक सल्लागार आणि मुलांचे तज्ज्ञ यांना जोडून घेतले. या दांपत्याच्या बैठकांमध्ये मी होते ती याच नात्याने, दोघांची मिळून एक तटस्थ समुपदेशक म्हणून. मी त्यांच्यापैकी कोणावरही उपचार करत नव्हते.

पत्नींच्या भीतीला मी लगेच दिलासा दिला नाही. आधी एक प्रश्न विचारला: “तुम्ही नाही म्हणालात की घरात काय होते?” त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “तो दोन दिवस बोलत नाही आणि मग त्याला हवे तेच करतो.” मारहाण, धमकी, फोन तपासणे, खर्चाचे पैसे बंद करणे यांपैकी काही घडते का, हेही मी एकेक करून विचारले. उत्तर ‘होय’ असते तर मी त्यांना या मार्गावर पाऊल टाकू नका असेच सांगितले असते, कारण ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून केलेला समझोता हा समझोता नसतो, आणि संरक्षणाचे आदेश कोर्टच देऊ शकते. अमेरिकेत या पद्धतीसाठी 2009 मध्ये तयार झालेल्या नमुना कायद्यातही, नात्यात हिंसा किंवा जबरदस्ती आहे का याची चौकशी वकिलाने आधी करावी, असे बंधन आहे. येथे हिंसा नव्हती. पण एकाचा शब्द कायम वरचढ ठरण्याची जुनी सवय होती, आणि तिच्यासाठी तयारी करणे शक्य होते.

तयारी साधीच होती. प्रत्येक बैठकीआधी त्या आणि त्यांच्या वकील विषयपत्रिका एकत्र पाहत. बैठकीत कोणत्याही मुद्द्यावर लगेच होकार द्यायचा नाही, आणि शब्द सुचेनासे झाले की “मला थोडा वेळ हवा” एवढेच म्हणायचे, असे ठरले. घराचा विषय निघाला तेव्हा पती म्हणाले, “घर माझ्या नावावर आहे, त्यात बोलण्यासारखे काय आहे?” त्या खाली मान घालून समोरचे कागद सारखे करू लागल्या. त्यांच्या वकिलांनी त्यांच्या वतीने उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त विराम मागितला. बाहेरच्या खोलीत दोघी बराच वेळ बोलल्या. परत आल्यावर पत्नी म्हणाल्या, “हप्ते तुझ्या पगारातून गेले, पण मी नोकरी सोडली तेव्हा घर चालवायचे असे आपण दोघांनी ठरवले होते. तेही मोजायला हवे.” पतीच्या वकिलांनी आपल्याच पक्षकाराला सांगितले, की हा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. कोर्टात लढणारा वकील असे उघडपणे म्हणू शकत नाही. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ येथे आहे. कोणी कोणाशी गोड बोलण्यात ते नाही.

पैशांबाबत मात्र विश्वासावर भागत नाही. दोघांनी सर्व खाती, ठेवी, विमा आणि कर्जे कागदांसह उघड करायची असतात, आणि जाणूनबुजून काही लपवले व ते दुरुस्त करण्यास नकार दिला तर वकिलाला काम थांबवावे लागते. पतींनी भावाच्या कर्जाला दिलेली हमी पहिल्या यादीत नव्हती. ती पुढच्या बैठकीत समोर आली तेव्हा पत्नी संतापल्या, आणि तो संताप योग्यच होता. आर्थिक तज्ज्ञांनी त्या हमीचा जास्तीत जास्त भार किती पडू शकतो हे दोघांसमोर मांडले आणि तो संपूर्णपणे पतीच्या बाजूला धरण्याचे ठरले. पतीचीही एक चिंता होती, की आज दाखवलेले कागद उद्या कोर्टात आपल्याविरुद्ध वापरले जातील. बैठकीतील बोलणे सहसा गोपनीय राहते. परंतु मुळातच अस्तित्वात असलेले बँकेचे कागद येथे दाखवल्यामुळे पुढे लपवता येत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

मुलीशी मुलांच्या तज्ज्ञांनी वेगळे बोलून घेतले. शनिवार-रविवार कोणाकडे राहायला आवडेल, असे आई विचारी तेव्हा ती “तुझ्याकडे” म्हणे आणि बाबा विचारत तेव्हाही “तुमच्याकडे” म्हणे. दोघांनीही आपापले उत्तर पुरावा म्हणून जपून ठेवले होते. हे कळल्यावर खोलीत कोणीच काही बोलले नाही, आणि त्या दिवसापासून तिला हा प्रश्न विचारायचा नाही हे पहिले कलम लिहिले गेले. वेळापत्रक त्यानंतर फार सहज ठरले.

एक प्रश्न पत्नींनी सही करण्यापूर्वी विचारला होता, आणि तो प्रत्येकाने विचारावा: “एवढे करून जमले नाही, तर माझे पैसे आणि वेळ पाण्यात?” काही अंशी होय. नवा वकील, नवी फी, बरेचसे काम पुन्हा. जोडीदार केवळ वेळकाढूपणा करत असेल तर वकिलांनी प्रकरण सोडण्याची ही अट त्याच्या पथ्यावर पडते. म्हणून मी सुचवते, की आधी दोघांनी संपूर्ण आर्थिक यादी कोणत्या तारखेपर्यंत द्यायची हे करारातच लिहून घ्यावे. ती तारीख कारणाशिवाय टळली तर थांबण्याचा निर्णय लवकर घेता येतो, आणि फारसा खर्चही झालेला नसतो.

त्यांचा समझोता काही महिन्यांत लिहून पूर्ण झाला. घटस्फोटाचा हुकूम शेवटी न्यायालयच देते, तसा तो त्यांनाही तेथेच मिळाला. मात्र न्यायाधीशांसमोर गेला तो वाद नव्हता, तर दोघांच्या सह्यांचा मसुदा होता. मुलगी शाळा बदलेल तेव्हा वेळापत्रकावर पुन्हा बसून बोलायचे, असे एक कलम पत्नींनी स्वतः त्यात घालून घेतले.