सीमाभागातल्या छोट्या मंडळीत सर्वांना सामावणारी उपासना आणि शिष्यत्वाचा वर्ग कसा चालवावा?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मला असा समजला: निपाणी-चिकोडी पट्ट्यातली पंचवीसेक कुटुंबांची मंडळी. निम्म्या घरांत मराठी, निम्म्यांत कन्नड. काही विड्या वळणाऱ्या बाया, काही ऊसतोडीला जाणारे, काही शिक्षक आणि नोकरदार. उपासनेला सगळे येतात, पण मोजकेच बोलतात, आणि शिष्यत्वाचा वर्ग महिन्याभरात ओस पडतो. न्यायाची चाड असलेली, सर्वांना आपली वाटणारी मंडळी घडवायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रभुभोजनाच्या मेजापासून करा. ‘सर्वांचे स्वागत आहे’ हा फलक नंतर लावला तरी चालेल. १ करिंथ ११ आपण वाचतो ते बहुधा २३व्या वचनापासून. ते १७व्यापासून वाचा. एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याला पिऊन चढते, असं जेवण चाललेलं पाहून पौल त्याला प्रभुभोजन म्हणायलाच तयार नाही. त्याचा उपाय ३३व्या वचनात आहे: एकमेकांची वाट पाहा. म्हणून उपासनेची वेळ ठरवताना नोकरदारांच्या सोयीआधी हे विचारा की गल्लीत नळाला पाणी कधी येतं, विड्यांचा हिशेब कधी होतो, बाजार कोणत्या वारी असतो. बायका पाणी भरून येईपर्यंत पापांगीकार आणि शास्त्रवाचन उरकलेलं असेल, तर त्या फक्त प्रवचन ऐकायला आणि अर्पण टाकायला आल्यासारख्या होतात.

पुढचा प्रश्न असा की मेज कोण मांडतं, कोण वाटतं आणि भांडी कोण धुतं. तीन महिन्यांची नावं कागदावर लिहून काढा. वाटणारे तेच तीन-चार आणि धुणाऱ्या त्याच दोघी निघाल्या, तर जात चर्चच्या पायरीवर राहिलेली नाही, आत येऊन बसली आहे. पाळ्या लावा. प्रत्येक पाळीत दोन वेगळ्या घरांतली माणसं असावीत, आणि जो वाटतो त्यानंच त्या दिवशी धुवावं. हे शेवटचं कलम लोकांना सर्वांत जड जातं, तरी ते सोडू नका.

पेल्याचा विचार स्वतंत्र करायला हवा. आपल्याकडे वेगळा पेला, वेगळी कपबशी ही अस्पृश्यतेची ठळक खूण होती, त्यामुळे एका पेल्यातून पिणं ही साधी रीत राहत नाही, ती कबुली होते. आजाराच्या भीतीने छोटे पेले वापरायचे असतील तर वापरा, पण सर्वांसमोर एकाच सुरईतून भरा. भाकर रसात बुडवून घेण्याची पद्धतही चालते.

रसाचं प्रमाण असं: साठ जणांना प्रत्येकी १० मिलिलिटरप्रमाणे ६०० मिलिलिटर लागतो. पाव किलो काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, घोटून फडक्याने गाळा. उकळणं कमी पडलं तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रस दुसऱ्या दिवशीच आंबायला लागतो, आणि दारू सोडलेल्या माणसाला तो वासही जड जाऊ शकतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलात तर आंबटपणामुळे कळकेल, म्हणून स्टील वापरा. भाकरीबद्दल माझं ठाम मत आहे: चपातीऐवजी ज्वारीची भाकरी घ्या. ती आपल्या भागाचं रोजचं अन्न आहे. शिवाय गहू न चालणाऱ्या माणसाला ती चालते, त्याच्यासाठी वेगळं ताट ठेवावं लागत नाही. त्यासाठी पीठ गव्हाच्या दळणानंतर दळलेलं नको. थोडी जाड थापा, त्याच सकाळी भाजा, ओलसर फडक्यात गुंडाळा. नाहीतर मोडताना चुरा होतो.

आता भाषा. प्रत्येक वाक्याचं भाषांतर केलं की पंधरा मिनिटांचं प्रवचन अर्ध्या तासाचं होतं आणि निम्मे लोक निम्मा वेळ वाट पाहत बसतात. त्यापेक्षा एका रविवारी प्रवचन मराठीत आणि शेवटी तीन मिनिटांचा कन्नड गोषवारा, पुढच्या रविवारी उलट. शास्त्रवाचनं दोन्ही भाषांत वाटून द्या. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणावी. पहिले दोन-तीन रविवार गोंधळ वाटतो, मग एक लय सापडते. गीतांच्या कागदावर कन्नड गीत देवनागरीत आणि मराठी गीत कन्नड लिपीत छापा.

सारखे दिसणारे शब्द मात्र फसवतात. कन्नड सत्यवेदात ‘समाधान’ म्हणजे शांती, आपल्याकडे तृप्ती. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे शंका, ‘अवसर’ म्हणजे घाई, आणि ‘सभे’ म्हणजे मंडळीच. पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमाच्या ‘अनुमाना’वर कन्नड भाऊ बोलत असेल तर मराठी कान भलताच अर्थ घेतो. अशा पंधरा-वीस शब्दांची यादी भिंतीवर लावा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कागदाचा उपयोगच नाही. तिथे भजन कामाला येतं: एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी झेलायची, सोबत झांज आणि तबला. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची भजनं आपल्या हाती दिली, ती याच कामाची आहेत. की-बोर्ड आला म्हणून भजन बंद करू नका.

वाचनं कशी निवडायची? अनेक मंडळ्या वापरतात ते तीन वर्षांचं वाचनपत्रक घ्या: दर रविवारी जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. सनाला तीनने भागा. बाकी १ उरली तर मत्तयचं वर्ष, २ उरली तर मार्कचं, शून्य उरली तर लूकचं. नवं वर्ष आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणून तेव्हापासून पुढचा सन धरा. पत्रकाचा फायदा हा की पाळकाच्या आवडीची दहा वचनं वर्षभर फिरत राहत नाहीत. आमोस, मीखा आणि याकोब यांनाही पाळी मिळते. स्तोत्रसंहितेतली साधारण तिसरा हिस्सा स्तोत्रं विलापाची आहेत. ज्या मंडळीत फक्त आनंदाची गीतं गायली जातात तिथे दुःखी माणूस गप्प बसायला शिकतो. महिन्यातून एकदा १३वं किंवा ८८वं स्तोत्र पूर्ण म्हणा आणि नंतर एक मिनिट शांत राहा. पापांगीकारात मजुरी थकवणं, घरातली मारहाण, जातीवरून टोमणा ही पापंही नावानिशी घ्या. पाप करणाऱ्या माणसाचं नाव मात्र नको.

शब्दांचा आणखी एक घाव. प्रेषितांची कृत्ये ८ आणि यशया ५६ या अध्यायांत आपल्या पवित्र शास्त्रात ‘षंढ’ हा शब्द आहे. गावात ती शिवी आहे. वाचणाऱ्याने आधी एक वाक्य सांगावं की हा राजदरबारातला खोजा होता, जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला मंडळीत मज्जाव होता, यशयाने अशांना पुत्रकन्यांहून थोर नाव देऊ केलं, आणि बाप्तिस्म्याला अडचण काय असं त्याने विचारल्यावर फिलिप्पाला एकही अडचण सापडली नाही. तुमच्याकडे तृतीयपंथी किंवा समलिंगी माणूस, सौंदत्तीच्या वाटेवरची, यल्लम्माला वाहिलेली जोगप्पा किंवा पूर्वी देवदासी म्हणून सोडलेली बाई येऊन बसली, तर तिचं नाव ती सांगेल तेच घ्या आणि साक्ष देण्याचा आग्रह धरू नका. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२च्या कायद्याने बंदी आली, पण अशा आयांच्या मुलांना अर्जातला बापाचा रकाना टोचतो. तुमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ‘वडिलांचे नाव’ खोडून ‘आई / वडील / पालक’ करा.

शिष्यत्वाचा वर्ग का बंद पडतो? बहुधा तो ऑक्टोबर ते मार्चच्या ऊसतोडीत सुरू होतो आणि शाळेसारखा चालतो. गाळप संपल्यावर, एप्रिलच्या मध्यावर सुरू करा. मार्कच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय, सोळा आठवडे. मृगाच्या पेरणीत दोन आठवडे सुट्टी. गट आठ ते दहा जणांचा, त्याहून मोठा झाला तर दोन करा. सत्तर मिनिटं पुरतात: दहा मिनिटं मागच्या आठवड्याच्या कामाची विचारपूस, वीस मिनिटं तोच उतारा तीन वेळा तीन आवाजांत, तीस मिनिटं बोलणं, दहा मिनिटं प्रार्थना. प्रश्न दर वेळी तेच ठेवा, म्हणजे पाठ होतात. इथे कोण बोलतं आणि कोण गप्प आहे? अन्न, पैसा, जागा कोणाच्या हातात आहे? या आठवड्यात आपण काय करणार? शिक्षक आणि पाळक यांनी पहिली पंधरा मिनिटं बोलू नये. त्यांचं उत्तर आलं की बाकीचे थांबतात.

सातव्या अध्यायातली सुरफुनीकी बाई आपल्या सीमाभागात फार जवळची वाटते: परक्या प्रांतातली, परक्या वंशाची, आणि वादात येशूला तिचं म्हणणं मान्य करायला लावणारी. पाचव्यातली बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई वाचताना पाळीत मेजाजवळ न येण्याचा विषय निघू द्या. तो बायकांनीच चालवावा. आंधळ्या बार्तीमयाला येशू विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं. तसं अपंग माणसालाच विचारा. उताराची फरशी हवी असेल तर माप लक्षात ठेवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी, रुंदी चार फूट. त्याहून चढा केला तर चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही. आणि बाराव्या अध्यायातल्या विधवेच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) अर्पणाच्या वेळी वाचाल तेव्हा ३८व्या वचनापासून वाचा, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून. नाहीतर गरिबाकडून शेवटचा पैसा काढायचं ते वचन होतं.

‘या आठवड्यात काय करणार’ याचं उत्तर हाताला लागेल असं हवं. याकोब ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते. मग मुकादमाकडून घेतलेली उचल आणि फिटलेली रक्कम वहीत लिहायला कोणीतरी बसावं. विडी वळणाऱ्या बाईकडे कामगाराचं ओळखपत्र आहे का पाहावं. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक.

बाप्तिस्म्याच्या तयारीत एक गोष्ट लपवू नका. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, १९५६पासून शीख आणि १९९०पासून बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. हे आधी समजून घेऊन निर्णय त्या माणसाने घ्यावा, आणि कोणाचे कागद मंडळीने तपासत बसू नये. बाप्तिस्म्याचे फोटोही विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

पैशाचं थोडक्यात: अर्पण नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, लगेच सही करावी, महिन्याचा हिशेब दोन्ही भाषांत वाचावा. मदत घेणाऱ्याचं नाव वाचू नये.

मुलांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं आणि दार उघडं. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; ‘आपसात मिटवू, क्षमा करू’ हा पर्याय वडील मंडळाला नाही. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आणि १८१ हा महिलांसाठीचा, दोन्ही दाराच्या आतल्या बाजूला मराठी-कन्नडमध्ये लावा. चप्पल घालताना नजर जाईल अशा उंचीवर, म्हणजे कोणाला न विचारता ते टिपून घेता येतील.