बोनसचे ७,००० डॉलर आणि हरलेली डिस्क

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४८, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल, धाकटा शाळेत आहे आणि सुट्टीत दिवसभर पीएस५ या गेमच्या यंत्रावर खेळतो. पाच-सहा वर्षांनी पुण्याला परतायचा विचार आहे. २००७ मध्ये त्यांनी एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेशी तेव्हा स्पर्धा करणाऱ्या डिस्कचा, प्लेयर घेतला आणि वर्षभरात ६० सिनेमे जमवले. पुढच्या फेब्रुवारीत ते तंत्रच बंद पडलं. मग ते ब्लू-रेकडे वळले, आज त्यांच्याकडे २८० ब्लू-रे आहेत. यंदा कर वजा जाता ७,००० डॉलर बोनस हातात आला. त्यातून २२० सिनेमे ४के डिस्कवर (ब्लू-रेहून जास्त बारकावे दाखवणाऱ्या) पुन्हा घ्यायचे, साधारण २८ डॉलरला एक या हिशेबाने ६,१६० डॉलर, आणि ५०० डॉलरचा नवा प्लेयर. डिस्क आता संपत चालल्यात अशी त्यांना भीती आहे, आणि स्ट्रीमिंगपेक्षा डिस्कवरचं चित्र सरस असतं असं ते म्हणतात. पत्नीचा विरोध आहे. क्रेडिट कार्डावर २२ टक्के व्याजाने ४,२०० डॉलर थकलेत, महिना १५० भरतात. बाजूला शिल्लक दीड महिन्याच्या खर्चाची. शेवटी दोन ओळी: "लग्नाच्या आणि आईच्या पंच्याहत्तरीच्या डीव्हीडी आणि काही नाटकांच्या व्हीसीडी आहेत, पण त्या पडूनच असतात. यावेळी तरी मी बरोबर बाजूला आहे ना?"

नमस्कार.

तुमच्या प्रश्नातल्या 'यावेळी तरी' या दोन शब्दांपाशी मी थांबले. २००७ मधला निर्णय तुम्हाला अजून बोचतो आहे, आणि बोनसमधली निम्म्याहून जास्त रक्कम ती बोच घालवण्यासाठी जाणार आहे असं मला दिसतं. म्हणून आधी त्या निर्णयाबद्दल बोलते.

तुम्ही तेव्हा चुकला नव्हता. एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेयर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर आला, तो ९९९ ला. ब्लू-रेच्या डिस्कवर ५० जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीवर ३०, पण घरातल्या टीव्हीवर सिनेमा बघताना दोन्हींत फरक सांगता येणं कठीण होतं. शिवाय एचडी डीव्हीडीला देशांचं कुलूप नव्हतं, म्हणजे एका देशातली डिस्क दुसऱ्या देशातल्या प्लेयरवरही चालायची. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन हे स्टुडिओ पूर्णपणे तुमच्या बाजूला आले. त्या नोव्हेंबरात वॉलमार्टने प्लेयर १०० डॉलरच्या आत विकायला काढला. निम्म्या किमतीत तेवढंच चांगलं चित्र मिळत असताना ते घेणारा माणूस हिशेबी असतो. मी तुमच्या जागी असते तर तेच घेतलं असतं.

मग हरवलं कोणी? तोवर दोन्हींकडे सिनेमे देणाऱ्या वॉर्नर स्टुडिओने ४ जानेवारी २००८ ला जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा टपालाने डिस्क भाड्याने देणारं) आणि बेस्ट बाय व वॉलमार्ट ही मोठी दुकानं एकामागोमाग त्याच वाटेने गेली, आणि १९ तारखेला तोशिबाने माघार जाहीर केली. सगळं ४६ दिवसांत आटोपलं. त्याआधी एक गोष्ट शांतपणे घडत होती. २००६ च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएस३ मध्ये ब्लू-रे आतच होता, त्यामुळे गेमसाठी यंत्र घेणाऱ्या लाखो घरांत तो न मागता पोचला. त्या घरांनी ब्लू-रेला मत दिलं नव्हतं, आणि तुम्ही एचडी डीव्हीडीला दिलेलं मत कुणी मोजलं नाही. बेस्ट बायने नंतर आपल्याकडून प्लेयर घेतलेल्यांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. ग्राहकाच्या निष्ठेचा त्या बाजारातला भाव साधारण तेवढाच होता.

हे सविस्तर लिहिलं, कारण आज तुम्ही पुन्हा निष्ठेने खरेदी करायला निघाला आहात. डिस्क संपत चालल्यात ही तुमची भीती निराधार नाही. ऑपोने २०१८ मध्ये प्लेयर बंद केले. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे मॉडेल काढणं थांबवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सची टपालाने डिस्क पाठवण्याची सेवा बंद झाली आणि २०२४ पासून बेस्ट बाय सिनेमाच्या डिस्क विकत नाही. स्ट्रीमिंगवर 'विकत' घेतलेला सिनेमा म्हणजे बघण्याचा परवाना असतो, आणि २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने विक्रेत्याला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. डिस्क मात्र खरोखर तुमच्या मालकीची असते. चित्राबद्दलही तुमचंच बरोबर आहे: ४के डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरसुद्धा माहिती येऊ शकते, नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं.

पण यातून २२० सिनेमे आत्ताच घ्यायला हवेत असं निघत नाही. त्यातले बरेचसे तुमच्याकडे ब्लू-रेवर आहेतच, ते उद्या सकाळी दिसेनासे होणार नाहीत. कारखान्यात छापलेली चांगली डिस्क वर्षानुवर्षं टिकते, आधी संपतं ते तिला चालवणारं यंत्र. त्यामुळे जपायचं असेल तर यंत्र जपा.

आणि यंत्र बहुधा तुमच्या घरात आहे. धाकट्याच्या पीएस५ ला डिस्क घालायची फट आहे का बघा. असेल तर ४के डिस्क, तुमचे ब्लू-रे आणि डीव्हीडी हे सगळं त्यावर चालेल, ५०० डॉलर वाचले. (व्हीसीडी चालणार नाही, त्यावर पुढे येते.) फट नसेल तर प्लेयर जरूर घ्या, त्याला माझा विरोध नाही. मात्र तो अमेरिकेतच घ्या आणि पुण्याला सोबत न्या. ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका 'ए' मध्ये येते आणि भारत 'सी' मध्ये, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या प्लेयरवर तुमच्या कुलूपबंद डिस्क चालणार नाहीत. अमेरिकी डीव्हीडीचंही तसंच, क्रमांक १ आणि ५ चा फरक. ४के डिस्कला असं बंधन नाही. घेताना मागची पट्टी वाचा: १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर पुण्यात फक्त पिन बदलावी लागेल.

आता कार्ड. ४,२०० वर २२ टक्के म्हणजे आज महिन्याला ७७ डॉलर व्याज. तुम्ही भरता त्या १५० मधला निम्म्याहून जास्त भाग व्याजात जातो. याच गतीने कर्ज फिटायला ४० महिने लागतील आणि सुमारे १,७५० डॉलर व्याज जाईल. आधी मुलगी कॉलेजला जाईल, कार्ड नंतर फिटेल. हे असताना ६,६६० डॉलरची खरेदी करणं म्हणजे प्रत्येक डिस्क २२ टक्क्यांच्या उधारीवर घेणं, मग दुकानात पैसे रोख दिले तरी.

म्हणून बोनसमधले ४,२०० आजच कार्डाला. उरले २,८००. त्यातले ३०० वर्षभराच्या डिस्कसाठी ठेवा. सेलमध्ये त्यात बारा सिनेमे येतात, महिन्याला एक. निवडताना एकच कसोटी लावा: हा आम्ही घरचे येत्या वर्षात नक्की बघणार आहोत का? काही सिनेमे मधल्या काळात छपाईबाहेर जातील आणि महाग होतील, हे मान्य आहे. तेवढी चुटपुट सोसा. २०० पुढच्या एका कामासाठी लागतील. राहिलेले २,३०० अडीअडचणीच्या निधीत. दीड महिन्याच्या शिल्लकीवर दोन मुलांचं घर चालवणं मला धोक्याचं वाटतं, आणि तुमच्या क्षेत्रात नोकऱ्या कशा जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. प्लेयर घ्यावाच लागला तर त्याचे ५०० यातूनच जातील. कार्डाचे महिना १५० तसेच चालू ठेवा, फक्त मुलीच्या नावाच्या बचत खात्यात. दोन वर्षांत ३,६०० होतात. हा पैसा शेअर बाजारात नको, तो लवकर लागणार आहे.

एचडी डीव्हीडीचे ६० सिनेमे फेकू नका. त्या काळात अनेक डिस्कच्या एका बाजूला एचडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असायची. तशा निघाल्या तर त्या आजही चालतील.

आणि ते २०० डॉलर. पत्रात तुम्ही ज्यांना 'पडूनच असतात' म्हटलंत, त्या लग्नाच्या आणि आईच्या पंच्याहत्तरीच्या डीव्हीडी कारखान्यात छापलेल्या नसाव्यात. व्हिडिओ शूटिंगवाले देत ती रेकॉर्ड केलेली डिस्क असते. तिच्यावर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने, उष्णतेने आणि वयाने खराब होतो, आणि वरून डिस्क ठीक दिसत असतानाही आतला मजकूर वाचता येईनासा होऊ शकतो. २२० सिनेम्यांतला प्रत्येक सिनेमा जगात दुसरीकडे कुठेतरी आहे. आईच्या कार्यक्रमाची बहुधा हीच एक प्रत. नाटकांच्या व्हीसीडीही पुन्हा मिळतील याचा भरवसा नाही. एक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घ्या, एक प्रत एडिसनला ठेवा, दुसरी पुण्याला भावाकडे किंवा बहिणीकडे. व्हीसीडीतली फाइलही त्याच ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर घेता येते.

येत्या शनिवारी पत्नीला शेजारी बसवून पंच्याहत्तरीची डिस्क लावा. अडखळत चालली तरी त्याच दुपारी प्रत काढा, आणि अजिबात वाचली गेली नाही तर घरी खटपट न करता ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. त्याचा खर्च अडीअडचणीच्या निधीतून झाला तरी माझी हरकत नाही.