लग्नानंतर पाळी मागेपुढे होतेय, संबंधांमुळे असं होतं का?

सरळ उत्तर आधी देते, नाही. संबंध ठेवल्याने पाळीची तारीख अशी आठ-दहा दिवसांनी हलत नाही. (मी वयाने मोठीच असणार म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.) मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, आणि काउंटरला बाई उभी दिसली की नवीन लग्न झालेल्या मुली क्रोसिनच्या पाकिटाबरोबर हाच प्रश्न हळूच विचारून जातात.

तू लिहिलंयस की आधी पाळी अगदी वेळेवर यायची, लग्नाला चार महिने झाले आणि आता कधी आठ दिवस आधी कधी दहा दिवस उशिरा, टेस्ट निगेटिव्ह आली, आणि सासूबाई म्हणतात लग्नानंतर अंग बदलतं होतंच असं. त्यांनी बघितलंय ते खरंच आहे, लग्नानंतर बऱ्याच जणींची पाळी बिघडते, पण कारण भलतंच पकडलंय.

बघ, पाळी कधी येणार हे बीज (अंडाशयातून स्त्रीबीज) कधी सुटलं यावर ठरतं. बीज सुटल्यावर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते, हा हिशोब फारसा हलत नाही, हलतो तो त्याच्या आधीचा काळ. बीज आठ दिवस उशिरा सुटलं की पाळीही आठ दिवस उशिरा. मांजरीत किंवा सशात समागम झाला की बीज सुटतं, माणसात तसं नसतं, आपल्याकडे मेंदूकडून हार्मोन्सचा सिग्नल यावा लागतो. फार तर एवढं होतं की पाळी आज-उद्यावर आलेली असताना संबंध आले तर गर्भाशय आकुंचन पावतं, वीर्यातही प्रोस्टाग्लँडिन म्हणजे गर्भाशय आकुंचन पाववणारं रसायन असतं, त्यामुळे रात्री यायची ती दुपारीच सुरू झाली असं वाटू शकतं. काही तासांचा फरक, बस.

मग लग्नानंतरच का? मला सगळ्यात आधी शंका येते ती गोळ्यांची. लग्नात, सत्यनारायणाला पाळी नको म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्यास का? नॉरएथिस्टेरॉनच्या, घरात सर्रास प्रायमोल्यूट म्हणतात त्या. आमच्याकडे लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी या गोळ्यांसाठी नुसती रांग असते, आणि निम्म्या वेळा घ्यायला भाऊ नाहीतर नवरा येतो ज्याला कोणासाठी कशासाठी काही सांगता येत नाही. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पुढचा हिशोब तिथून नव्याने सुरू होतो, जुनी तारीख धरून बसलं की सगळंच चुकलेलं दिसतं. आणि हो, या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं.

दुसरी आय-पिलसारखी गोळी. गर्भ राहू नये म्हणून संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती. तिचं कामच मुळात बीज सुटणं लांबवायचं आहे, त्यामुळे त्या महिन्यात पाळी आठवडाभर इकडेतिकडे होणं किंवा मध्येच डाग दिसणं यात नवल नाही. महिन्यात दोन-तीनदा घेतलीस तर तारखेचा पत्ताच लागणार नाही, त्यापेक्षा कंडोम वापरा किंवा डॉक्टरकडून रोजची गोळी लिहून घे.

बाकी नवीन घर, जागरणं, पहाटे उठणं, लग्नासाठी केलेलं डाएटिंग, ताप, आणि "राहिलं तर नसेल ना" ही धाकधूक, याने पण बीज लांबतं. पपई, तीळ-गूळ खाऊन पाळी लवकर येते याला काही आधार नाही, आवडत असेल तर खा.

एक मोजायचं पण बघ. पाळी आलेल्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं, संपली त्या दिवसापासून नाही. २१ ते ३५ दिवसांत येत असेल तर नॉर्मल. "दर महिन्याच्या १२ तारखेला" असं धरू नकोस, महिना ३० नाहीतर ३१ चा आणि चक्र २८ चं असेल तर तारीख दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकणारच.

टेस्ट निगेटिव्ह आली तरी आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर परत कर, शेवटच्या संबंधाला २१ दिवस होऊन गेल्यावर केलेली टेस्ट भरवशाची. पॉझिटिव्ह आली आणि गर्भ ठेवायचा नसेल तरी मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नका, आधी सोनोग्राफी. पाळी लांबलीय आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ, गर्भ नळीत असू शकतो. संबंधांनंतर दर वेळी रक्त येत असेल तर ती पाळी नव्हे, तपासून घे.

आणि हे असंच अजून दोन-तीन महिने चाललं, किंवा वजन वाढतंय, हनुवटीवर केस येतायत, तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (हे पण एक हार्मोन) यांची रक्ततपासणी, आणि पीसीओडी म्हणजे अंडाशयाच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करायला सांगतील, घाबरण्यासारखं काही नाही. गणपतीला परत त्या गोळ्या घ्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरला विचार, आणि कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा मायग्रेन असेल तर ते आवर्जून सांग, नवऱ्याला चिठ्ठी देऊन पाठवू नकोस.