किडनीच्या खालच्या कप्प्यात १२ मिमीचा मुतखडा आहे, सीटी स्कॅनमध्ये त्याची घनता १२०० एचयू (हाउन्सफिल्ड युनिट) आलीय. लिथोट्रिप्सी करावी की दुर्बिणीने लेझर?

तुमच्या खड्याला दुर्बिणीने लेझर (आरआयआरएस) जास्त योग्य वाटतं. लिथोट्रिप्सीत बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडतात, पण त्याचे तुकडे लघवीवाटे आपले आपण पडावे लागतात. खालच्या कप्प्यातून ते वर चढून बाहेर यायचे असतात, त्यामुळे बरेचदा तिथेच साचून राहतात. शिवाय १००० एचयूच्या वरचा खडा कडक धरतात, तो धक्क्यांनी नीट फुटत नाही. हाच खडा ७-८ मिमीचा, मऊ आणि किडनीच्या मधल्या भागात असता तर मी लिथोट्रिप्सीच सुचवली असती: बहुधा पूर्ण भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. युरोपियन असोसिएशन ऑफ युरोलॉजीच्या मार्गदर्शक सूचनाही खालच्या कप्प्यातल्या १० ते २० मिमीच्या खड्यासाठी अशी प्रतिकूल लक्षणं असली की दुर्बिणीकडेच झुकतात.

लेझरमध्ये लघवीच्या मार्गानेच दुर्बीण वर नेतात, कुठे चिरा नाही, आणि जेमतेम ०.२ मिमी जाडीच्या तारेने खड्याचा भुगा करतात. नंतर बहुतेकदा आठ-पंधरा दिवस आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, असतो. त्या दिवसांत लघवीला जळजळ, सारखी घाई, कधी लघवी गुलाबी, हे होतं. घाबरू नका, पण स्टेंट काढायची तारीख अजिबात चुकवू नका.

मात्र आधी लघवीचं कल्चर करून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर तो आटोक्यात आणल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच करायचं नाही.